तगर ते तेर : तेरणाकाठच्या पांढरीची कथा

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी येणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटा ठरलेल्या असतात. वारकरी गोरोबाकाकांच्या समाधीकडे वळतो. जैन यात्रेकरू भगवान महावीरांच्या दिगंबर मंदिराचे दर्शन घेऊन कुंथलगिरीच्या वाटेला लागतो. दोघांच्याही पायांखाली मात्र एकच भुरकट, भुसभुशीत माती असते. पावसाळ्यात या मातीतून कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा वर येतो, कधी रंगीत मणी, तर कधी झिजलेले नाणे. तेरणा नदीच्या काठचे हे गाव एके काळी सातासमुद्रापार ठाऊक असलेले नगर होते, याची साक्ष ही माती आजही देत असते.

माणूस रानात भटकत असता गावात कसा स्थिरावला आणि गावाचे नगर कसे झाले, हा प्रश्न इतिहासाइतकाच धर्मपरंपरेलाही पडलेला आहे. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी रचलेल्या आदिपुराणात भोगभूमीकडून कर्मभूमीकडे झालेल्या प्रवासाचे वर्णन येते. कल्पवृक्ष क्षीण झाले, आपोआप मिळणारे अन्न मिळेनासे झाले आणि प्रजा व्याकुळ झाली. तेव्हा भगवान ऋषभदेवांनी तिला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मे शिकवली. या सहांमध्ये शेती आहे, शस्त्र आहे आणि कारागिरी आहे. त्यांच्याच बरोबरीने मसि म्हणजे शाईचे, लेखनाचे काम आणि वाणिज्य म्हणजे व्यापार यांनाही स्थान दिलेले आहे. पुराणाची भाषा श्रद्धेची आणि उत्खननाची भाषा पुराव्याची. दोन्हींची सरमिसळ करू नये. तरीही नागर जीवनाचा पाया म्हणून पुराणकाराने जी कर्मे सांगितली, त्यांच्या खुणा जमिनीतून निघालेल्या पुराव्यांतही सापडतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पहिली अक्षरे हिशेबाची

आजच्या इराकमधील उरुक हे जगातील अगदी आरंभीच्या मोठ्या नगरांपैकी एक. तेथे इ. स. पू. ३३००च्या सुमाराच्या मातीच्या पाट्या सापडल्या असून, मानवाच्या सर्वांत जुन्या लेखनात त्यांची गणना होते. त्या पाट्यांवर बहुतांशी सातूची पोती, मेंढ्यांची संख्या आणि मजुरांना वाटलेल्या शिध्याची नोंद आहे. काव्य आणि राजस्तुती फार पुढे आली. जमाखर्च आधी लिहिला गेला. याचे कारण साधे आहे. शंभर माणसांच्या वस्तीत कोणी कोणाचे किती देणे लागतो, हे तोंडी लक्षात राहते. हजारो अनोळखी माणसे एकत्र राहू लागली की स्मरणशक्ती अपुरी पडते आणि वही लागते.

सिंधू संस्कृतीची लिपी अजून वाचता आलेली नाही, पण तिची वजने बोलकी आहेत. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथे चर्ट नावाच्या कठीण दगडाची घनाकृती वजने मिळाली. ती १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीच्या क्रमाने चढत जातात आणि त्यांतील १६ पट असलेले वजन साधारण साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरते. शेकडो मैल दूर असलेल्या नगरांतही हे प्रमाण तेच राहते. सोळा छटाकांचा शेर आणि सोळा आण्यांचा रुपया ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत चालत होता, त्यांना सोळाचा हा हिशेब परका वाटणार नाही. मालाच्या गाठोड्यांवर मुद्रा उमटवण्याची पद्धतही तेथे होती. गाठोडे बांधणारा आणि सोडणारा एकमेकांना कधी भेटले नसतील, पण मुद्रा ओळखीची असे. अनोळखी माणसांत विश्वास निर्माण करण्याची अशी साधने ज्या समाजाला सापडली, तो समाज नगरे वसवू शकला.

दख्खनची खेडी

दख्खनच्या पठारावर नगरे उशिरा आली. त्यापूर्वी येथे शेतकऱ्यांची गावे होती. अहमदनगर भागातील जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननांनी ही ताम्रपाषाणयुगीन गावे उजेडात आणली. इनामगावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. कुडाच्या भिंतींची घरे, सातूची शेती, पाटाने आणलेले पाणी आणि गावप्रमुखाच्या घराशेजारी धान्याचे कोठार असे चित्र त्यातून उभे राहिले. कोठार हे शिल्लक धान्याचे चिन्ह होय. शिल्लक असेल तरच कुंभाराला, सोनाराला, मणी घडवणाऱ्याला शेतात न राबता अन्न मिळते. मात्र इ. स. पू. १०००च्या पुढे या गावांना उतरती कळा लागली. पाऊस घटला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. शेवटच्या काळात इनामगावची मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि इ. स. पू. ७००च्या सुमारास गाव ओस पडले.

त्यानंतर काही शतकांनी लोखंडाची अवजारे रुळली आणि काळ्या कसदार जमिनीची मशागत सोपी झाली. उत्तरेकडील मौर्य साम्राज्याशी संबंध आला. नंतर सातवाहनांच्या राजवटीत पैठण, जुन्नर, नाशिक, भोकरदन आणि तेर ही नगरे भरभराटीला आली. खेड्यापासून नगरापर्यंतचा दख्खनचा प्रवास पाहू इच्छिणाऱ्याने म्हणूनच तेरला आवर्जून जावे.

बैलगाडीचा हिशेब

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक लेखकाने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने तो ग्रंथ ओळखला जातो. बारिगाझा म्हणजे भडोच बंदराच्या वर्णनात दक्षिणेतील दोन बाजारपेठा त्याने महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या आहेत. पहिली पैठण. ती भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या प्रवासावर. दुसरी तगर. ती पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड, तर तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमलीचे निरनिराळे प्रकार गाड्यांत भरून भडोचला जात, आणि ही वाट धड रस्ता नसलेल्या मुलखातून जाई, असेही तो नमूद करतो. पूर्व किनाऱ्याकडील मालही तगरच्या पेठेत येत असे. पुढे टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव आले.

हे तगर कोठले, यावर एकोणिसाव्या शतकातील विद्वानांत बराच वाद झाला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले आणि ते पुढे सर्वमान्य झाले. तगर, तयर, तेर असा शब्दाचा उतरता प्रवास भाषेच्या नियमांत बसतो. अंतराचा ताळाही जुळतो. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. त्याला वीस दिवस धरले तर दिवसाला साडेसतरा किलोमीटर पडतात. पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर. त्याला दहा दिवस धरले तर दिवसाला पंधरा. वळणाच्या वाटेने भरल्या बैलगाडीची चाल याहून थोडीच अधिक असते. तेर पैठणच्या नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, एवढाच फरक उरतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून ऐकलेली माहिती इतकी जुळावी, यावरून त्या वाटेवर मालाची ये-जा किती नियमित होती हे समजते.

पांढरीच्या पोटात

मराठी खेड्यात शेतीच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणण्याची रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती आणि फुटकी भांडी साचून वस्तीची माती पांढुरकी होते. पांढरी म्हणजे माणसाच्या वास्तव्याने तयार झालेली जमीन. तेरच्या टेकाडांत ती थरांवर थर साचली आहे. १९५८ साली बी. एन. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. पुढे राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागानेही केले. सातवाहनांची नाणी, पक्क्या विटांची बांधकामे, मणी, शंखाच्या बांगड्या, केओलिन या पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती आणि रोमन नाण्यांची नक्कल असलेली मातीची पदके येथे मिळाली.

उत्खननाच्याही आधीपासून या वस्तूंचे मोल ओळखणारे गृहस्थ तेरमध्येच होते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसात उघड्या पडणाऱ्या आणि माती खणताना निघणाऱ्या हजारो वस्तू आयुष्यभर जपून ठेवल्या. तोच संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज त्यांच्याच नावाने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे.

तेरची सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती. इटलीतील पॉम्पेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तेरच्या मूर्तीचे तिच्याशी विलक्षण साम्य आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही त्याच धर्तीची मूर्ती मिळाली. पॉम्पेईची मूर्ती दख्खनमधूनच गेली असावी, असे त्यामुळे अनेक अभ्यासकांना वाटते. मण्यांचे हार, केसांची नटवी रचना आणि शेजारी उभ्या असलेल्या दासी हे सारे कोरणाऱ्या कारागिराला आपली वस्तू कोणत्या समुद्रापार जाणार आहे, याची कल्पनाही नसेल.

गावातील त्रिविक्रम मंदिरही पाहण्याजोगे आहे. विटांनी बांधलेली ही वास्तू मागील बाजूस अर्धगोलाकार असून तिचे छत चैत्यगृहासारखे कमानदार आहे. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे विद्वान मानतात. उभ्या बांधकामाचे चैत्यगृह इतक्या सुस्थितीत राहणे देशात दुर्मीळ आहे. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे त्याच जातीचे दुसरे उदाहरण होय.

दगडावर कोरलेली ठेवपावती

तगरच्या कापडाचे विणकर कोण होते, त्यांची नावे काळाच्या उदरात गेली. परंतु त्या काळच्या विणकरांची पत केवढी होती, हे नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखावरून कळते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या निर्वाहासाठी ३००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापणे, दरमहा शेकडा एक या दराने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट त्यात आहे.

हा हिशेब मांडून पाहावा. दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा टक्के. दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४० कार्षापणे. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यावीत, असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. बेरीज तंतोतंत जुळते. दुसऱ्या ठेवीचा दर नऊ टक्के, म्हणजे वर्षाला ९० कार्षापणे. त्यांचा विनियोगही वेगळा नेमून दिलेला आहे.

राजाच्या जावयाला आपल्या खजिन्यापेक्षा विणकरांची श्रेणी अधिक टिकाऊ वाटली, हे या लेखाचे खरे मर्म आहे. राजवटी बदलतील, पण हातमाग चालू राहील आणि श्रेणी दिलेला शब्द पाळील, असा भरवसा त्यामागे आहे. सुसंस्कृत समाजाची ओळख उंच तटांवरून आणि महालांवरून करण्याची आपल्याला सवय असते. माणूस अनोळखी हातांत आपले धन पिढ्यांसाठी ठेवू शकतो की नाही, ही कसोटी त्याहून अधिक खरी म्हणावी लागेल.

धाराशिवच्या डोंगरातील पार्श्वनाथ

तेरच्या वैभवाची आठवण जैन वाङ्मयानेही जपली आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. विदर्भातील कारंजा येथील जैन ग्रंथमालेतून डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली ते संपादित करून प्रसिद्ध केले. चंपा नगरीचा राजा करकंड दक्षिणेच्या स्वारीवर असता तेरापूरजवळ मुक्काम करतो. जवळच्या डोंगरात अनेक खांबांचे लेणे आणि माथ्यावर एक वारूळ असल्याचे त्याला समजते. एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करीत असतो. राजा वारूळ खणवतो तेव्हा आत भगवान पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. पुढे लेण्यातील जुन्या मूर्तीवरची एक गाठ फोडताच पाण्याचा लोंढा उसळतो, असेही कथेत आहे.

धाराशिव शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात आजही लेणी आहेत, तेथे पार्श्वनाथांची मूर्ती आहे आणि डोंगरातून पाणीही झिरपते. काव्यातील तेरापूर म्हणजे तेर आणि ती लेणी म्हणजे धाराशिवची, हे डॉ. हिरालाल जैन यांनी साधार दाखवले. लेणी पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यान खोदली गेली, असे सामान्यतः मानतात. ती मुळात बौद्धांची होती आणि नंतर जैनांकडे आली, असे काही संशोधक म्हणतात. आरंभापासूनच ती जैनांची होती, असे इतरांचे मत आहे. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने या वादात दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्याव्यात. एकाच गावाच्या परिसरात बुद्ध, महावीर, त्रिविक्रम आणि पुढे विठ्ठल अशा सर्वांच्या उपासनेला जागा मिळाली. व्यापारी नगरात असे घडते. पेठेत नाना पंथांची माणसे येतात, आणि ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे त्याच्या देवाचाही आदर राखण्याची सवय लागते.

नगराचे गाव

तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता मावळली. रोमन जगाशी चालणारा व्यापारही आटला. तगरचे महत्त्व हळूहळू ओसरले, पण नावाचे तेज टिकले. कित्येक शतकांनंतर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी अभिमानाने मिरवत होते. तेराव्या-चौदाव्या शतकांत येथे गोरोबाकाका होऊन गेले. संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कच्चे मडके कोणते हे ओळखणाऱ्या या कुंभाराची कथा घरोघर ठाऊक आहे. पुरातत्त्वज्ञही खापरांवरूनच काळ ओळखतात. कुंभाराच्या गावाचा इतिहास मडक्यांनीच सांगावा, हा योग मोठा मनोज्ञ आहे.

वाणिज्याची वाट बदलली की पेठ हलते. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली आणि १९११ साली ती लातूरपर्यंत पोहोचली. त्या लोहमार्गाच्या आधाराने बार्शी आणि लातूरच्या पेठा वाढल्या. आज या भागातील अनेक व्यापारी घराणी तेथे, सोलापुरात किंवा पुण्यात आहेत. दुष्काळाच्या वर्षी काळीतले हातही शहरांकडे वळतात. इनामगावच्या शेवटच्या शेतकऱ्यांना ज्या पावसाने दगा दिला, त्याचीच वाट आजचा धाराशिवचा शेतकरी पाहत असतो.

वस्ती उठून जाणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याने अगदी अलीकडे पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील कित्येक गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे दगडामातीच्या जड भिंतींखाली गेली. अनेक गावे नव्या जागी वसली आणि जुनी गावठाणे मागे राहिली. त्या वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. घर पडले तरी मूल शिकते ठेवावे, ही बुद्धी नाशिकच्या त्या कायम ठेवीहून फारशी निराळी नाही. दोन्हींमध्ये देणाऱ्याने आपल्या हयातीपलीकडचा विचार केला आहे.

तेरच्या टेकाडांकडे मात्र असे लक्ष क्वचितच गेले. मराठवाड्यातील माळवदांवर पाणी रोखण्यासाठी पांढरी माती लागते आणि शेतालाही ती मानवते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ती खणून नेली गेली. ज्यांनी नेली त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गरजवंताला घराचे छत इतिहासापेक्षा मोठे असते. परंतु एकदा विस्कटलेला थर पुन्हा लावता येत नाही. वही फाटली तर नक्कल करता येते, कारण मजकूर कोणाला तरी ठाऊक असतो. पांढरीच्या वहीची दुसरी प्रत नाही.

कुंथलगिरी हे देशभूषण आणि कुलभूषण मुनींचे निर्वाणक्षेत्र. १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथेच सल्लेखना घेतली. त्या क्षेत्राच्या दर्शनासाठी दरवर्षी असंख्य कुटुंबे या जिल्ह्यात येतात. त्यांनी आणखी एक दिवस हाताशी ठेवावा. सकाळी धाराशिवची लेणी पाहावीत, दुपारी तेरच्या संग्रहालयात मुलांना ती हस्तिदंती मूर्ती आणि मातीची पदके दाखवावीत, आणि सायंकाळी तेरणेच्या काठी दोन पावले चालावे. ज्यांच्या घरात दिवाळीला अजूनही वहीपूजन होते, त्या मुलांना एवढे जरूर सांगावे की जगात लिहिलेली पहिली पाने हिशेबाची होती. आपल्या मुलखातील व्यापाऱ्यांचा असाच हिशेब, अक्षरांवाचून लिहिलेला, या काठच्या पांढरीत अजून शिल्लक आहे.